फी माफ झाली, पण पोरगी राहणार कुठं? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बार्शी-परंडा पट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून माणसं येतात आणि ऑप्शन फॉर्ममध्ये कोणतं कॉलेज वर टाकायचं ते विचारतात. पूर्वी या गप्पा फीपाशी सुरू व्हायच्या आणि फीपाशीच संपायच्या. जुलै २०२४ मध्ये आपल्या सरकारने निर्णय घेतला आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्याचा फरक मी वर्गात बसून पाहिला आहे. ज्या मुली बारावीनंतर डी.एड. किंवा घर एवढंच बोलायच्या, त्या आता कॉम्प्युटर, ईएनटीसी, सिव्हिल असं बोलतात. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

पण आता पालक माझ्यासमोर बसून वेगळंच विचारतात. एका वडिलांचे शब्द तसेच्या तसे लिहिते : "मॅडम, फी माफ झाली ते खरंय. पण पोरगी राहणार कुठं?"

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

घरी राहून शिकायचं की बाहेरगावी जायचं, हा मुलीच्या आयुष्यातला पहिला मोठा निर्णय असतो. तिला कोणती शाखा हवी, कोणतं कॉलेज झेपेल, घरापासून लांब राहायची तिची तयारी आहे का, यावर तो व्हायला हवा. आमच्याकडे तो वसतिगृहातली एक कॉट आणि संध्याकाळची एक गाडी या दोन गोष्टींवर होतो. मुलीचे गुण त्यानंतर बघितले जातात.

आपल्या प्रवेशप्रक्रियेत हे कसं घडतं ते नीट सांगते, कारण मंत्रालयातून ते दिसत नसावं असं मला वाटतं.

२०२५-२६ पासून अभियांत्रिकीच्या कॅपला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेला, चार फेऱ्या झाल्या आणि जागा आपोआप पक्की होण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यायचंच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणतंही लागलं तरी तेच. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद. जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे केलं असणार, आणि गणिताची शिक्षिका म्हणून मला त्यामागचा हिशोब पटतो. पण आता हा फॉर्म घरातल्या मोबाइलवर किंवा चौकातल्या नेट कॅफेत भरणाऱ्या बापाच्या जागी उभे राहा. लेकीला पश्चिम महाराष्ट्रातलं एक जुनं, नावाजलेलं शासकीय कॉलेज मिळण्यासारखं आहे. ते एक नंबरला टाकलं आणि पहिल्याच फेरीत लागलं, तर माघार नाही. पण तिथल्या वसतिगृहात मुलीला जागा मिळेल की नाही, हे त्या दिवशी त्याला जगातला कुठलाही माणूस सांगू शकत नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेश झाल्यावर भरायचा. त्याची वेगळी गुणवत्ता यादी, तिची वेगळी तारीख, आणि बहुतेक ठिकाणी तोवर तास सुरू झालेले असतात.

मग तो काय करतो? तीस-चाळीस किलोमीटरवरचं, गाडीने जाऊन-येऊन होईल असं कॉलेज एक नंबरला टाकतो. पहिल्या फेरीत ते लागतं, जागा पक्की होते, विषय संपतो. मुलगी त्याहून चांगल्या कॉलेजच्या कटऑफच्या वर असते, पण आपल्या कॉम्प्युटरला हे कधीच कळत नाही, कारण त्याच्या नोंदीत तिला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालेलं असतं. किती विद्यार्थ्यांना पहिली पसंती मिळाली याचे आकडे जाहीर होतात तेव्हा मला अशा मुलींची आठवण येते. ती पसंती तिची नव्हती, महोदय. ती रात्री घरी परत येण्याची सोय होती.

आमच्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म भरताना मी शेजारी बसले होते. वडिलांची दोन एकर जिराईत, दोन म्हशी, डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी. मुलगी पाठ करावं तसं कॉलेजांचे कोड सांगत होती. शासकीय कॉलेजांची यादी तिने वहीत उतरवली होती आणि प्रत्येकापुढे एसटीचं अंतर लिहिलं होतं. वडील प्रत्येक नावाला एकच विचारत, "तिथं हॉस्टेल?" मी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर बघायची. मुलींच्या वसतिगृहाची क्षमता लिहिलेली, पण पहिल्या वर्षासाठी किती जागा, त्यातल्या कोणत्या प्रवर्गाला किती, गेल्या वर्षी शेवटची जागा किती गुणांवर गेली, यातलं काही नाही. दिलेला फोन कुणी उचलला नाही. मुदत संध्याकाळी संपत होती. शेवटी जवळचं खासगी कॉलेज वर गेलं. मुलीने वही मिटली आणि वडिलांना म्हणाली, "चालतंय की, डबा घरचा मिळंल." ती वडिलांना धीर देत होती.

माझी मुख्य मागणी म्हणून एवढीच आहे. वसतिगृहाची जागा कॅपमध्येच आणा. ऑप्शन फॉर्म भरताना विद्यार्थ्याला 'वसतिगृह आवश्यक' असं लिहिता यावं, आणि जागावाटपाच्या पत्रावर कॉलेजच्या नावाखाली वसतिगृह मिळालं की नाही हेही छापून यावं. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांपासून सुरुवात करा. सीईटी कक्षाकडे मुलीचा प्रवर्ग आहे, गुण आहेत, घरचा पत्ता आहे. ज्या यंत्रणेला लाखो अर्जांमधून प्रत्येकाला शाखा आणि कॉलेज वाटता येतं, तिला त्याच कॉलेजच्या आवारातल्या खाटा वाटणं अवघड नाही. आणि ते यंदा जमणार नसेल, तर निदान ज्या उमेदवाराने 'वसतिगृह आवश्यक' लिहिलं आणि ज्याला ते मिळालं नाही, त्याला आपोआप पक्कं होण्याच्या नियमातून सूट द्या. आयआयटीत नंबर लागलेल्या मुलाच्या आईबापांना राहण्याची चिंता करावी लागत नाही. आमच्या मुलींनाही तेवढी खात्री हवी आहे.

वसतिगृहाच्या अर्जावर आणखी एक रकाना असतो : स्थानिक पालक. नाव, पत्ता, फोन, फोटो, सही. नियम काळजीपोटी आला आहे हे मला समजतं. पण ज्या घरातलं कुणी आजवर त्या शहरात गेलंच नाही, त्यांनी तिथला पालक आणायचा कुठून? आमच्याकडचे लोक मग गावातल्या कुणाच्या तरी मेहुण्याला, कधी भाजी मार्केटमधल्या ओळखीच्या अडत्याला गाठून सही घेतात. त्या माणसाने मुलीला कधी पाहिलेलं नसतं. रात्री दोन वाजता मुलगी आजारी पडली तर तो येणार आहे का? त्यापेक्षा प्रत्येक पहिल्या वर्षाच्या मुलीला कॉलेजातल्याच एका प्राध्यापिकेचं नाव पालक म्हणून द्या आणि तिचा फोन नंबर घरी कळवा. बापाला त्या एका नंबराचा केवढा आधार वाटेल, ते मी दररोज पालकांशी बोलते म्हणून सांगू शकते.

सुरक्षिततेचं बोलायला हवं, कारण आमच्याकडच्या आया त्याबद्दल माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. ती बातमी आमच्या गावांत अजून कुणी विसरलेलं नाही. मुलगी बाहेर पाठवायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी ते काढतंच. अशा वेळी आम्ही शिक्षक काय सांगणार? वसतिगृहात रात्री स्त्री अधीक्षक मुक्कामाला असते का, दारावर कोण असतं, सुट्टीच्या दिवसांत एकट्या राहिलेल्या मुलींना कोणत्या मजल्यावर ठेवतात, हे पालकांनी विचारलं तर त्याचं लेखी उत्तर मिळालं पाहिजे.

वसतिगृह नाही मिळालं तर भत्ता आहे, असं सांगितलं जातं. आहे, आणि असायलाच हवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम्, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. स्वाधारमध्ये त्यातले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे आणि ८,००० किरकोळ निर्वाहाचे. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर राहण्याला महिना दोन हजार. पुण्यात कॉट बेसिसवर चार मुलींच्या खोलीत एक खाट दोन हजारांत मिळत नाही. त्याशिवाय डिपॉझिट आधी, मेसचे पैसे आधी, एजंट असेल तर त्याची दलालीही आधी. आणि भत्ता नंतर! आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या खात्यात पहिला हप्ता जमा झाला तेव्हा तिचं पहिलं सत्र संपत आलं होतं. तोवरचे पैसे घरच्यांनी म्हैस विकून भरले. ज्यांना विकायला काही असतं त्यांचीच मुलगी भत्त्याची वाट बघू शकते.

आधार योजनेत तर जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थी. इतर मागासवर्गीयांसाठी जिल्ह्याला एक मुलांचं आणि एक मुलींचं अशी शंभर-शंभर जागांची ७२ वसतिगृहं मंजूर झाली, तेही स्वागतार्हच. पण एका तालुक्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुली मोजल्या तरी हे आकडे किती तोकडे आहेत ते कळतं.

या योजना आपल्या एकट्या खात्याच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. एक सामाजिक न्यायची, एक आदिवासी विकासची, एक इतर मागास बहुजन कल्याणची, गाडीचा पास परिवहनचा. मुलगी मात्र एकच असते आणि ती तीच कागदपत्रं प्रत्येकाकडे घेऊन जाते. प्रवेश आपल्या खात्यात होतो, म्हणून सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं काम मी आपल्याकडे मागते. कॅपचं पत्र हाती पडलं की भत्त्याचा पहिला हप्ता त्याच आठवड्यात सुटावा. हजेरीची अट दुसऱ्या हप्त्याला लावा, पहिल्याला नको. हजर राहायला आधी राहायची जागा लागते.

आता घरी राहून शिकणाऱ्या मुलींबद्दल. बाहेर जाणं म्हणजेच मोठं होणं असं मी मानत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या काही अतिशय हुशार मुली समजून-उमजून घरी राहिल्या. एकीची आजी अंथरुणाला खिळलेली, आणि आजीचं सगळं ही करायची. तिने तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, पुढे विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली आणि आज शिकवते आहे. दुसरीला शेती हवी होती, तिने कृषी पदविका जवळच केली. घरचं जेवण, आईचा हात पाठीवर, पैशाचं ओझं कमी, रात्री अभ्यासाला स्वतःचा कोपरा. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना घर सोडा असं मी सांगत नाही.

पण घरी राहिलेल्या मुलीचा दिवस कसा जातो तेही पाहा. पहाटे उठून पाणी, झाडलोट, सकाळची गाडी. गाडी चुकली तर पहिला तास गेला. दुपारी प्रॅक्टिकल सुरू होतं, आणि ते संपायच्या आत तिला गाडीसाठी निघावं लागतं, कारण त्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर आणि गावाच्या फाट्यावर सोडणारी. फाट्यापासून गाव दोन-तीन किलोमीटर. प्रॅक्टिकलचं जर्नल मग मैत्रिणीच्या वहीवरून उतरवायचं, स्वतःच्या हाताने रीडिंग न घेता. वाचनालय, स्पर्धा, कॅम्पसच्या मुलाखतीची तयारी, सगळं संध्याकाळी असतं आणि संध्याकाळी ही गाडीत असते. शिवाय घरात दिसते म्हणून कामाला हाक तिलाच. दुसऱ्या वर्षात स्थळं येऊ लागतात. समोर असलेल्या मुलीचं लग्न लवकर निघतं, ही आमच्या भागातली रोज दिसणारी गोष्ट आहे.

बारावीपर्यंत याच मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. बारावी झाली, कॉलेज लांब गेलं, की मोफत पास बंद. मग विद्यार्थ्यांच्या सवलतीतला पास, म्हणजे एक तृतीयांश भाडं. रक्कम मोठी नाही असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण ज्या घरात दोन मुली एकाच वेळी शिकतात तिथे धाकटीचा पास मोफत आणि थोरलीचा विकत, आणि पैसे तंग असलेल्या महिन्यात थोरली चार दिवस घरी राहते. एकीकडे तिची हजारोंची फी सरकार भरतं आणि दुसरीकडे पासासाठी तास बुडतात. पदवी पूर्ण होईपर्यंत पास मोफत करा. आणि प्रत्येक तालुक्यात कॉलेजचं वेळापत्रक आणि आगाराचं वेळापत्रक जूनमध्ये एकत्र बसून ठरवा. प्राचार्य आणि आगार व्यवस्थापक यांची एक बैठक पुरेशी आहे. त्याला निधी लागत नाही.

तालुक्याच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांबद्दल आपल्याला कितीतरी निवेदनं आली असतील, म्हणून थोडक्यात लिहिते. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासामागे मानधन घेणाऱ्या प्राध्यापकांच्या भरवशावर विज्ञान शाखा चालवायची असेल तर घरी राहून शिकणाऱ्या मुलीला आपण दुय्यम शिक्षण देतो आहोत. पदं भरा.

एवढ्या छोट्या गोष्टींसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं कुणी म्हणेल. मला त्यावर शाहू महाराजांची आठवण येते. त्यांच्या संस्थानात शाळा होत्या, कॉलेजही होतं. तरी खेड्यातलं पोर शिकत नव्हतं, कारण कोल्हापुरात त्याला ना छप्पर होतं ना भाकरी. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच्या पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली, आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणू लागले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ मध्ये काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली, एकत्र जेवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. या राज्यातली बहुजनांची पहिली शिकलेली पिढी फीमाफीइतकीच या बोर्डिंगांमुळे उभी राहिली. माझे स्वतःचे वडील कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. ते नसते तर मी आज हे पत्र लिहू शकले नसते.

तेव्हा हे काम एका राजाने आणि शेतकरी घराण्यातल्या एका माणसाने केलं. आज सरकारकडे शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल आहे, सीईटी कक्ष आहे, प्रत्येक विद्यार्थ्याचा आधार क्रमांक आहे.

पुढच्या वर्षीची माहितीपुस्तिका निघण्याआधी तिच्यात एक तक्ता घालावा अशी विनंती करते. प्रत्येक शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयाच्या नावापुढे मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षासाठी किती जागा, प्रवर्गनिहाय किती, गेल्या वर्षी किती गुणांवर यादी थांबली, मेसचा महिन्याचा खर्च किती, आणि वसतिगृह अधीक्षकांचा चालू असलेला फोन नंबर. माहिती महाविद्यालयांकडे आहे, ती फक्त मागवायची आहे. कॅपमध्ये वसतिगृह आणायला वेळ लागेल, नियम बदलावे लागतील, हे मी समजू शकते. हा तक्ता मात्र पुढच्या ऑप्शन फॉर्मच्या आधी येऊ शकतो. तो आला तर मी तो मोठा करून आमच्या कॉलेजच्या फलकावर लावीन आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाला त्याच्यासमोर उभं करून त्यातलं एकेक कॉलेज वाचून दाखवीन.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक गणित शिक्षिका